घोड्यामागची स्प्रिंग

बडोद्यात, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत,
शेड नंबर एकशे बारामध्ये
रायजीभाई परमार तार वळवतात.
नऊ वेढे, लांबी पावणेदोन सेंटिमीटर.
तळहातावर ठेवली तर वजन कळत नाही.

भाची विचारते, मावशी, तुमच्याकडे काय बनतं?
मी म्हणते, घोड्याची स्प्रिंग.
तिला कमाटीबागेतला घोडा आठवतो,
शेपटीला लाल गोंडा, वीस रुपयांत एक फेरी.
मी दुरुस्त करत नाही.

मशीनवरून उतरते तेव्हा ती नुसती स्प्रिंग असते,
माझ्या टेबलावर पोचेपर्यंत शस्त्र होते.
मधे फक्त चौदा पावलं आणि पाण्याचा माठ.
कायद्याला अख्खी बंदूक लागत नाही,
तिचा एवढासा तुकडाही त्याच्या डोळ्यांत मावतो.
म्हणून ही फाइल :
परवाना, मालाचा कोड, तिकडच्या सरकारचं संमतिपत्र,
आणि एक पानभर प्रमाणपत्र,
ज्यात रकाना आहे, अंतिम वापरकर्ता कोण?
त्याच्याखाली बारीक अक्षरात, कशासाठी?

अठरा वर्षं मी माल बाहेर पाठवते आहे.
पंपांचे व्हॉल्व्ह गेले, पंख्यांची बेअरिंगं गेली,
त्या पंख्याखाली शेवटी कोण झोपणार आहे
हे कुणी विचारलं नाही.
माझ्या लग्नाची बोलणी तीन तास चालली,
चांदोरकरांच्या घरातल्या अकरा माणसांपैकी
एकानेही म्हटलं नाही, कशासाठी?

रात्री दोनला गिऱ्हाइकाचा मेल आला.
मॅडम, इनव्हॉइसवर शिलाई मशीनचे पार्ट्स लिहा ना,
नाव बदला, माल तोच, वेळ वाचेल सगळ्यांचा.
बिपिनभाईंनी तो दोनदा वाचला.
बशीतला चहा बशीतच राहिला.
दहा तारखेला बँकेचा हप्ता, पगार त्याच्या आधी.
बेन, शुं करीशुं?
मी म्हटलं, शिलाई मशीनला घोडा नसतो.
ते हसले.
मग बराच वेळ हसले नाहीत.

खोकं रॅकवर राहिलं. परत मोजणी केली.
दोन हजार हवेत, भरले एकोणीसशे नव्याण्णव.
लोहचुंबक फिरवला, चुऱ्याचं घमेलं उपसलं,
मोरीची जाळी उचलली.
कुणी काही म्हणायच्या आधीच
रायजीभाईंनी स्वतःचा खिसा उलटा केला :
बिडीचं बंडल, बसचं तिकीट,
नातवाचा पडलेला दात, कागदात बांधलेला.
मी रजिस्टरकडे बघत राहिले,
जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

रात्री दांडिया बाजारात, दाराशी चप्पल काढली
तर तळव्याच्या चिरेत ती.
बसमधून माझ्याबरोबर आलेली,
सुरसागराच्या काठाने चाललेली,
सेव-उसळीच्या गाडीपाशी रांगेत उभी राहिलेली,
दोन जिने चढून घरात शिरलेली,
विनापरवाना.
अठरा वर्षांच्या नोकरीतली माझी पहिली बेकायदा निर्यात,
अंतर साधारण सात किलोमीटर.

दोन बोटांत धरून दाबली.
तिने उलट दाबलं.
तेवढंच तिला येतं, आणि तेवढ्यासाठीच
दोन देशांचे शिक्के लागतात.
कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली,
डबी उशाशी. झोप लागली नाही असं नाही,
पण मधे एकदा उठून झाकण बघितलं.

सकाळी रजिस्टरमध्ये नोंद केली :
एक नग, सापडला.
कुठे? माझ्या चपलेत.
बिपिनभाई म्हणाले, हे असं लिहायचं?
मी म्हटलं, असंच झालं.
रायजीभाईंनी साक्षीदार म्हणून सही केली, गुजरातीत,
शेवटच्या अक्षराला लांब शेपूट सोडून,
आणि डबी मला परत दिली.
कुंकू लागलं होतं तिला, फडक्याने पुसून काढलं.

दोन हजार पूर्ण आहेत.
खोक्यावर माझ्या हाताने लिहिलेलं खरं नाव आहे.
तिकडून प्रमाणपत्र आलं,
सही आहे, शिक्का आहे,
कशासाठी, त्यापुढची जागा कोरी.
मी ते परत पाठवलं आहे.